तिघी आणि एक वाकळ

आपल्याकडच्या चित्रांत मैत्रिणी कमी नाहीत, पण बहुतेक वेळा त्या कुणाच्या तरी मैत्रिणी असतात. राजा रविवर्म्याची शकुंतला आठवा. पायातला काटा काढायचं निमित्त करून ती मागं वळून दुष्यंताकडं बघते आणि सोबतच्या सख्या तिच्या त्या वळण्याला आधार देतात. कालिदासानं अनसूया आणि प्रियंवदा यांना वेगवेगळे स्वभाव दिले, पण चित्र बघताना आपली नजर शकुंतलेवरून हलत नाही. त्याच रविवर्म्याच्या १८८९ च्या मोठ्या तैलचित्रात अकरा वादक-गायक स्त्रिया एकत्र आहेत. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये ते आहे. प्रत्येकीचा प्रांत वेगळा, नेसण वेगळी, दागिने वेगळे. कापड आणि सोनं रंगवावं तर असं. पण त्या अकराजणी एकमेकींच्या आहेत असं मला कधी वाटलं नाही. एका जागी आणून बसवल्यासारख्या दिसतात.

मला जिच्यात नायिका नाही अशी मैत्री रंगवायची होती. तिघीजणी, आणि तिघींचं वजन सारखं.

त्या तिघी घरातच होत्या म्हणायला हरकत नाही. माझी आई, शेजारच्या आक्का आणि वरच्या आळीतल्या काकी. कोल्हापूरच्या पश्चिमेला, उसाच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. तिघी लग्न होऊन साधारण एकाच काळात या गावात आल्या आणि तेव्हापासून त्यांचं एकमेकींवाचून पान हललेलं नाही. बाळंतपणं, भांगलणी, मयतं, लग्नं, सगळं एकत्र. मी कोल्हापुरात चित्रकला शिकले. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या या गावात तैलरंगाचं वेड जुनं आहे. पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळ्यावर बसून निसर्गचित्रं करणं हे आमच्याकडं शिकणाऱ्या पोरांच्या अंगवळणीच पडतं. व्यक्तिचित्रंही भरपूर केली. पण व्यक्तिचित्र एका माणसाचं असतं. तिघींच्या मधे जे आहे ते कसं रंगवायचं, हे कुठल्या वर्गात शिकवलेलं नव्हतं.

म्हणून ब्रश हातात घ्यायच्या आधी दिल्लीला जाऊन आले. जयपूर हाऊसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृता शेरगिलचं ‘थ्री गर्ल्स’ आहे, ते मला छापील पानावर नको होतं, समोर हवं होतं. १९३५ चं चित्र. अमृताला पॅरिसहून परत येऊन फार दिवस झाले नव्हते, वय बावीस. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, याच चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. आकारानं चित्र काही अवाढव्य नाही. तीन मुली जवळजवळ बसल्यात, पार्श्वभूमी जवळपास रिकामी आहे. आणि तिघींपैकी एकही दुसरीकडं बघत नाही. आपल्याकडंही बघत नाही.

मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. हसू नाही, गळ्यात हात नाहीत, कानात कुजबूज नाही, तरी या एकमेकींच्या आहेत हे आतपर्यंत पोचतं. कशामुळं? माझं उत्तर असं की अंतरामुळं. दोन खांद्यांमधे जी जागा सोडलीय तिच्यामुळं. परक्या बायका शेजारी बसल्या की त्या अंगं चोरून बसतात. या मुलींनी अंग चोरलेलं नाही. त्यांचं दुःख किंवा त्यांची वाट पाहणं, जे काही असेल ते, तिघींत वाटून गेलंय.

तिथंच तिचं १९३२ चं ‘यंग गर्ल्स’ही बघितलं. हे पॅरिसमधलं, एकोणिसाव्या वर्षी केलेलं, ज्याला पुढच्या वर्षी तिथल्या ग्रँड सालों या चित्रप्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. दोन मुली खोलीत बसल्यात. एक नीटनेटकी, ताठ. दुसरीचे केस मोकळे, तोंडावर आलेले, कपडे अर्धवट. आणि त्या अवस्थेचं दोघींनाही काही वाटत नाही. एकीसमोर दुसरीला नीट दिसायची गरज नाही, हे मैत्रीचं इतकं खरं लक्षण आहे की मी ते वहीत लिहून घेतलं. अंतर आणि आवरून न बसणं, या दोन गोष्टी घेऊन मी गावाकडं आले.

घरी आल्यावर मात्र दोन्ही गोष्टी हाताला लागेनात, कारण तिघींना ‘बसा’ म्हटलं की त्या फोटोला बसल्यासारख्या बसायच्या. पदर डोक्यावर सारखा, हात गुडघ्यावर, मान ताठ. आई तर श्वासही बेतानं घ्यायची. आक्कांनी ठेवणीतलं इरकल नेसून यायचा हट्ट धरला. मी कोळशानं रेखाटनं करत होते आणि कागदावर तीन देवळातल्या मूर्ती उमटत होत्या. अशा वेळी चित्रकारानं सूचना देत बसू नये असं माझं मत आहे. ‘सहज बसा’ हे वाक्य ऐकून आजवर कुणी सहज बसलेलं नाही. माणसाला काम द्यावं.

काम आपणहूनच समोर आलं. उन्हाळा होता, रानातली कामं कमी होती आणि काकींच्या नातवासाठी वाकळ शिवायची होती. आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. तिघींच्या घरची जुनी लुगडी, फाटकी धोतरं, सदऱ्यांचे तुकडे असं सगळं निघालं. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, जाजम टाकून त्यावर थर रचले, वरून लुगड्याचं अख्खं पान पसरलं, कडा दुमडल्या, आणि तिघी तीन बाजूंना बसून बाहेरून आत धावदोरा घालत सरकू लागल्या. चौथी बाजू उंबऱ्याकडं होती. मी तिथं इझल, म्हणजे चित्राचा घोडा, लावला. ती कड त्या तिघींपैकीच कुणीतरी जागा बदलून शिवायची. मग माझी तारांबळ उडायची, पण बसणं कसं बदलतं हेही तेव्हाच कळायचं.

आता त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. पदर खांद्यावरून घसरला तरी सावरत नव्हत्या. आक्कांनी पाय लांब केले होते, काकी एक गुडघा उभा करून त्यावर हनुवटी टेकायच्या, आई मांडी घालून पुढं वाकलेली. गप्पा चालू असायच्या, पण नजरा टाक्यावर. एकमेकींकडं बघणं जवळजवळ नाहीच. दिल्लीतलं चित्र मला तेव्हा नीट समजलं.

आणि मग ती सुई दिसली.

आक्कांना जवळचं नीट दिसत नाही. मोतीबिंदू काढलाय, चष्मा आहे, पण सुईच्या नेढ्यात दोरा जात नाही. त्यांचा दोरा संपला की त्या काही बोलायच्या नाहीत. सुई धरलेला हात फक्त डावीकडं पुढं करायच्या. काकी स्वतःचा टाका घालता घालता ती सुई घ्यायच्या, दोरा दातानं तोडायच्या, ओला करायच्या, ओवायच्या, आणि सुई परत आक्कांच्या बोटात द्यायच्या. या सगळ्यात बोलणं थांबायचं नाही. एकीनं मागितलं आणि दुसरीनं दिलं असं ते नव्हतंच. त्यात ‘आण इकडं’ नव्हतं आणि ‘घे’ही नव्हतं. हात पुढं व्हायचा आणि सुई ओवलेली यायची. मी तिथं बसून ठरवलं की चित्र याचं करायचं.

रचनेचा प्रश्न मात्र होता. तीन माणसं म्हटली की हात आपोआप त्रिकोण काढतो आणि त्रिकोणाच्या टोकावर जी बसते ती नायिका होते. आमच्या सरांनी हेच शिकवलं होतं आणि ते व्यक्तिसमूहासाठी बरोबरही आहे. पण मला टोक नको होतं. म्हणून नजरेची पातळी वर घेतली. उंबऱ्यात उभं राहून खाली बघितल्यावर जसं दिसेल तसं. त्यानं वाकळ चित्रात जवळजवळ अर्धी जागा व्यापून बसली आणि तिघी तिच्या कडांवर गेल्या. मधे माणूस नाही, कापड आहे. वरच्या बाजूला आई आली, पण तिचं तोंड वाकलेलं, कपाळ आणि भांगच जास्त दिसतो, त्यामुळं उंचावर असूनही ती चित्र ताब्यात घेत नाही. डावीकडं काकी, उजवीकडं आक्का. आणि दोघींचे हात वाकळीच्या वरून एकमेकींकडं आलेले.

कॅनव्हास तीन बाय चार फुटांचा घेतला. सुती कापड चौकटीवर ताणून, गेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, हात देऊन, मधे मधे पॉलिश पेपर मारून पृष्ठभाग हवा तसा करून घेतला. पांढऱ्या कॅनव्हासवर मला काम करवत नाही. पांढऱ्यावर प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो. म्हणून बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून सगळीकडं फासला आणि फडक्यानं पुसून काढला. आमच्या सोप्याच्या भिंतींचा रंग तसाही त्याच्या जवळ जाणारा आहे.

पहिलं रंगकाम बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगानं. फक्त उजेड आणि सावली. अंबर लवकर सुकतो, त्यात मँगनीज असतं त्यामुळं. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा वाफ होऊन सुकत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि कुठल्या रंगाला किती दिवस लागतील हे त्या रंगद्रव्यावर असतं. म्हणूनच खालच्या थरात तेल कमी आणि वर जाल तसं जास्त, हा नियम पाळावा लागतो. उलटं झालं तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा आत सरकत राहतो आणि काही वर्षांनी चित्राला भेगा जातात. नवीन मुलांना हा नियम कंटाळवाणा वाटतो. मला तो फार आवडतो. कारण त्यात चित्र आपल्यानंतरही टिकावं ही इच्छा आहे.

उजेडाची वेळ मी बांधून घेतली. जेवणं उरकल्यावर, दुपारी दोन ते चार. सोपा पूर्वेकडं उघडा आहे, त्यामुळं दुपारी थेट ऊन आत येत नाही. ते अंगणात पडतं. सारवलेल्या अंगणावरून तो उजेड परत वर येतो आणि वाकलेल्या चेहऱ्यांना खालून लागतो. हनुवटीच्या खाली, नाकपुडीच्या कडेला, पापणीच्या खालच्या बाजूला एक उबदार पिवळसर छटा दिसते. मोबाइलवर मी फोटोही काढले होते, पण त्यात सोप्यातल्या सावल्या काळ्याठिक्कर आल्या होत्या. खालून येणारा हा उजेड फोटोत नव्हताच. ज्यांना प्रत्यक्ष बसवून रंगवणं जमण्यासारखं आहे त्यांनी ते सोडू नये असं मी म्हणेन, ते एवढ्यासाठी.

कातडीच्या रंगाबद्दल थोडं बोलते, कारण हे मला मनापासून टोचतं. कातडीचा म्हणून तयार ट्यूबमध्ये मिळणारा गुलाबट रंग आपल्या बायकांच्या अंगावर कुठंच नसतो. आक्का सावळ्या, काकी त्याहून गडद, आई गव्हाळ, आणि तिघींच्या हाताचा रंग तोंडाहून वेगळा, कारण हात उन्हात जास्त. मी मातकट पिवळा यलो ओकर, बर्न्ट सिएना, निळा अल्ट्रामरीन आणि अगदी किंचित हिरवा व्हिरिडियन घेऊन तिघींचे रंग मिसळले. सावळ्या रंगात हिरवट आणि जांभळट झाक किती असते हे बघायला डोळा बसावा लागतो. एकदा दिसली की मग काकींच्या दंडावरचा उजेड निळसर होतो आणि कोपर जवळजवळ जांभळं. काकींना ते आवडलं. ‘‘काळी काढलीस न्हाय का? बरं केलंस. उगं गोरी करू नगंस,’’ असं त्या म्हणाल्या.

सगळ्यात जास्त वेळ वाकळीनं घेतला. विटलेलं कापड रंगवणं अवघड असतं. पांढरा मिसळला की रंग फिका होतो, विटलेला होत नाही. विटलेल्या रंगात आधीचा रंग शिल्लक राहिलेला दिसला पाहिजे. आईच्या एका हिरव्या लुगड्याची कड उसवली तेव्हा दुमडीच्या आत गर्द बाटली-हिरवा निघाला, आणि बाहेर तोच रंग धुऊन धुऊन शेवाळी-करडा झालेला. दोन्ही एकाच कापडावर, बोटभर अंतरात. मी तो तुकडा मागून घेतला आणि इझलला टाचणीनं लावून ठेवला. हिरव्यात त्याचा विरोधी लाल थोडा थोडा घालत गेले की त्यातला तजेला उतरतो पण हिरवेपण राहतं. आक्कांचं कुंकवाच्या रंगाचं लुगडं तसंच, फक्त उलट बाजूनं, लालात हिरवा घालून. त्यासाठीचा गडद लाल अलिझरिन क्रिमसन सुकायला फार वेळ घेतो, म्हणून ते ठिगळ रंगवल्यावर त्याच्या आसपासच्या भागाला हात न लावता दुसरीकडं सरकावं लागायचं. प्रत्येक ठिगळ कुणाचं, कधीचं, हे त्या तिघी मला सांगायच्या. ‘‘ह्ये तुज्या बारशाचं हाय बग,’’ आक्का म्हणाल्या, आणि मी ते ठिगळ होतं त्याहून मोठं केलं नाही, पण जरा उजेडात घेतलं.

टाके एकेक करून काढायचे नाहीत हे आधीच ठरवलं होतं. धावदोऱ्यानं कापडावर ज्या बारीक लाटा उठतात त्या रंगवल्या की टाका आपोआप दिसतो. पुढच्या भागात तेवढे थोडे टाके जाड रंगात उचलले.

मग पाऊस लागला. आमच्या भागातला पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, रंगही वाळत नाही. टायटॅनियम व्हाइट घातलेले भाग दिवसेंदिवस बोटाला चिकटत होते. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला बुरशी धरू नये म्हणून तो भिंतीला न टेकवता खोलीच्या मधे उभा ठेवला. टर्पेन्टाइनच्या वासानं आईला खोकला येतो, त्यामुळं दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि उघड्या ठेवल्या की दमट हवा आत. या ओढाताणीत काम थांबलं. थांबणं चित्राला मानवलं असं मला वाटतं. आरशात उलटं बघून बघून काय कमी आहे ते कळत गेलं. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, कोनाडा, पितळी तांब्या, सगळं मी सुरीनं खरवडून काढलं. कोनाडा सुंदर उतरला होता, पण डोळा तिकडं जात होता.

हातांसाठी मी पाऊस ओसरेपर्यंत थांबले. आक्का आणि काकींना पुन्हा बसवलं, दोघींनाच. आक्कांचा हात बघणाऱ्याच्या दिशेनं थोडा वळलेला, म्हणजे लांबी आखडून दिसणार, आणि बोटांची पेरं संधिवातानं जाड झालेली. अंगठा आणि तर्जनीत सुई. काकींचा हात खालून येणारा, तळवा वर. दोन्ही बोटांच्या टोकांमधलं अंतर हे या चित्रातलं सगळ्यात महत्त्वाचं अंतर होतं. फार जवळ आणलं की देणं होऊन जातं, मग त्यात आभार येतात. फार लांब ठेवलं की मागणं दिसतं. सुई दोघींच्याही हातात आहे असा क्षण हवा होता. बोटं जवळजवळ चिकटलेली, पण काकींची नजर स्वतःच्या टाक्यावर आणि आक्कांचं तोंड आईकडं, काहीतरी सांगता सांगता उघडलेलं. ते उघडं तोंडही मी ठेवलं. आपल्या चित्रांतल्या बायका बोलताना फार कमी दिसतात.

‘‘आगं हात आखडला की माजा,’’ आक्का म्हणायच्या. मग थांबायचं, चहा व्हायचा, परत बसायचं. बसण्याचे पैसे मी तिघींना दिले. कलामहाविद्यालयात मॉडेलला देतात तसे, तासावर. आईला ते पटलं नाही. काकी म्हणाल्या, ‘‘शिवायचं काम आमचंच, वर पैसं कशाचं?’’ पण घेतले. ते द्यायलाच हवे होते असं माझं ठाम मत आहे. आपल्या देशात बायकांची चित्रं पुष्कळ विकली गेली. २०२३ मध्ये शेरगिलचं ‘द स्टोरी टेलर’ लिलावात ६१.८ कोटींना गेलं, आणि त्या चित्राचा मला आनंदच आहे. पण समोर बसलेल्या बाईचा वेळ हा वेळ असतो, आणि तो घरच्या माणसाचा असला तरी असतो.

सुई शेवटी आली. करड्या रंगावर पांढऱ्याची एक बारीक रेघ, लांब केसांच्या ब्रशनं, हात टेकून, श्वास धरून. दोरा वेगळा दाखवला नाही, काकींच्या ओठाजवळ एक ठिपका तेवढा आहे, तोडलेल्या टोकाचा.

चित्र बघायला तिघी एकदम आल्या. आई काही बोलली नाही, तिनं जवळ जाऊन स्वतःच्या भांगाजवळचे पांढरे केस बघितले. काकींनी ठिगळं ओळखायला सुरुवात केली आणि आक्कांनी त्यांना दुरुस्त करायला. पाचवं ठिगळ कुणाच्या परकराचं यावरून दोघींची चांगली जुंपली. आक्कांना हात दाखवला. ‘‘ही तुमची सुई,’’ मी म्हटलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला, चित्राकडं बघितलं, मग काकींकडं बघितलं. ‘‘ही रोज वविती व्हय?’’ असं विचारलं. काकी म्हणाल्या, ‘‘मग काय तू वविती व्हय?’’ इतकी वर्षं ते चाललं होतं आणि आक्कांच्या ते ध्यानातच नव्हतं.

वार्निश अजून व्हायचं आहे. पातळ थरांनाही सहा महिने तरी द्यावेत, आणि माझ्या चित्रात अलिझरिनचे जाड भाग आहेत, म्हणून मी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणार आहे. तेल आत ओढलं गेल्यानं अंबरचे काही भाग निस्तेज दिसतात, त्यांवर अगदी पातळ तेलाचा हात फिरवून पुसून घेतलंय. तोवर चित्र माझ्या खोलीत उभं आहे आणि कुणी बघायला आलं की आक्का स्वतः पुढं होऊन दाखवतात, आधी काकींचा हात, मग ठिगळं, आणि आईच्या भांगापाशी येऊन ‘‘ह्ये बग, हिचं केस पिकल्यालं बी दावल्यात,’’ असं सांगतात.